अर्थ अज्ञात

मनुष्याच्या प्रत्येक पेशीत एक ग्रंथ असतो आणि तो ग्रंथ केवळ चार अक्षरांत लिहिलेला असतो, असे मी वाचले तेव्हा मला प्रथम त्याच्या बांधणीची काळजी वाटली. एवढी पाने शिवणार कोण? मी फलटण येथे एका वाचनालयात जुन्या पुस्तकांची बांधणी करतो, म्हणून मला असे प्रश्न पडतात. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते खळ लावता लावता झाले, कारण दोरा ओवण्यापूर्वी पान वाचून पाहण्याची मला सवय आहे. माझ्या भाषेतील उणिवा वाचकांनी त्या दृष्टीने पोटात घालाव्यात.

माझे नाव मयूरेश खटावकर. डॉक्टरांच्या भाषेत मी स्वमग्न आहे. हा शब्द ज्याने घडविला त्याने आमच्यापैकी कोणाला विचारले नसावे. मी स्वतःत मग्न नसतो. उलट बाहेरचे सगळे जग माझ्यात एकाच वेळी शिरते: पंख्याची कुरकुर, शेजारची फोडणी, सदऱ्याच्या शिवणीचे टोक आणि समोरच्या माणसाचे बोलणे. त्यातून बोलणे तेवढे वेचून घेणे इतरांना आपोआप जमते. मला ते प्रत्येक वेळी कष्टाने करावे लागते. चेहरे मला वाचता येत नाहीत. ते फार हलतात. म्हणून मी माणसांचे हात पाहतो.

ज्या काळातील ही हकिगत आहे, त्या काळी जनुके वाचणे फार स्वस्त झाले होते. कुपीत थुंकायचे, कुपी एका लहानशा यंत्रात ठेवायची, आणि चहा पिऊन परत येईपर्यंत मनुष्याचा संपूर्ण ग्रंथ वाचून तयार असे. हे यंत्र प्रथम दवाखान्यांत आले आणि त्यानंतर वधूवर मेळाव्यांत आले. जन्मपत्रिकेच्या शेजारी जनुकपत्रिका ठेवण्याची रीत आमच्या शिंपी समाजात नेमकी कधी पडली हे मला सांगता येणार नाही, परंतु माझ्या बहिणीच्या लग्नाची वेळ आली तेव्हा ती चांगली रुळली होती.

येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. वाचता येणे वेगळे आणि कळणे वेगळे. यंत्र अक्षरे बिनचूक वाचते. कोणत्याही दोन माणसांच्या ग्रंथांत लक्षावधी अक्षरांचा फरक असतो. बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही, काहींनी आजार होतो, आणि पुष्कळ फरक असे असतात की ते काय करतात हे कोणालाच ठाऊक नसते. त्यांच्यापुढे यंत्र ‘अर्थ अज्ञात’ असे छापते. तो अर्थ यंत्राला शोधता येत नाही. ते अक्षर अंगात बाळगून जगलेला मनुष्य सापडावा लागतो. तो कसा बोलतो, कसा झोपतो, त्याला काय जमते, हे कोणीतरी पाहावे लागते. जुन्या पोथीत एखादे निराळे अक्षर आढळले तर तो लेखनिकाचा प्रमाद की दुसरा पाठ, हे त्या एकाच पोथीवरून ठरत नाही. दुसरी पोथी मिळवावी लागते, तसेच हे आहे.

स्वमग्नतेच्या बाबतीत बहुधा शेकडो अक्षरे थोडी थोडी जबाबदार असतात. परंतु काही घराण्यांत एकच दुर्मीळ अक्षर बरेचसे ओझे उचलते. स्त्रियांच्या अंगी असे अक्षर पुष्कळदा मुके राहते, आणि त्यांच्या मुलांत ते बोलू लागते. आमचे घराणे त्यांपैकी निघाले.

केतकी माझी धाकटी बहीण. वडील शिवणकाम करीत. ते गेल्यानंतर आईने मशीन चालवून आम्हांला वाढविले. लहानपणी बाहुलीच्या लग्नात केतकी मला नेहमी नवरीचा भाऊ करी, कारण लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालण्याचा मान भावाचा असतो आणि माझ्या हातून एकही लाही खाली सांडत नसे. “माझ्या खऱ्या लग्नात पण अश्शाच घालायच्या हं, दादा,” असे ती म्हणे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती माझ्यासाठी भावाचा उपवासही धरी, आणि दुपारी भूक लागली की माझ्यावरच चिडे.

बारामतीच्या पोरे यांच्या घरचे स्थळ तिला मेळाव्यात सांगून आले. मुलाचे नाव निनाद. तो तिला आवडला होता. तिची जनुकपत्रिका निघाली आणि त्यात त्या एका अक्षरापुढे ‘अर्थ अज्ञात’ असे छापून आले. त्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलाविले. ती कणीक मळत होती.

“मयू, बस. नीट ऐकून घे. केतकीच्या पत्रिकेत एक अक्षर निघालंय.”

“अर्थ अज्ञात. मी वाचले.”

“तसलं कितीकांचं निघतं, त्याचं काय नाही. पण बारामतीची माणसं विचारणार, घरात कोणी तसलं आहे का म्हणून.”

“तसलं म्हणजे माझ्यासारखे.”

“हं.”

“आहे की. मी आहे.”

आईचे हात परातीत थांबले. “तेच तर सांगायचं नाही रे. कोणी विचारलं तर म्हणायचं, मी यांचा रक्ताचा कोणी नाही. मला यांनी सांभाळलं.”

“मग मी कोणाचा?”

“माझाच. पण सांगायचं नाही.”

“विचारणारा पुढे विचारील. मी कोणाचा?”

“अरे देवा. होते एक नवरा-बायको, ओळखीतले. गेले अपघातात.”

“कुठे?”

“लोणंदच्या फाट्यावर.”

“त्यांची नावे?”

“वसंत आणि शालन,” आई म्हणाली. ही नावे तिने कोठून आणली हे मला आजतागायत ठाऊक नाही. “आता माझ्या गळ्याची शपथ घे. जो कोणी विचारील त्याला हेच सांगशील.”

केतकी दारात उभी होती. “आई, राहू दे ना गं. नको मला असलं लग्न.”

“तू गप. तुझ्या बरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली. आणि उद्या मी गेल्यावर याच्याकडं बघायला तुझा संसार नको धड उभा राहायला?”

केतकी ओढणीच्या टोकाचा दोरा ओढत राहिली. मी आईच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. तिच्या गळ्याला कणकेचा वास होता.

पाहुणे आले. निनादरावांच्या आईने माझ्याकडे पाहून विचारले, “हे कोण?”

“माझा मानलेला भाऊ,” केतकी म्हणाली.

मी म्हणालो, “मी यांचा रक्ताचा कोणी नाही. मला यांनी सांभाळलं. माझे आईवडील वसंत आणि शालन लोणंदच्या फाट्यावर अपघातात गेले.”

“अरेरे!” त्या म्हणाल्या. “केवढं पुण्य केलंत हो ताई तुम्ही.”

आई पोह्यांच्या बशा उचलू लागली. एकही बशी रिकामी झालेली नव्हती.

लग्नात लाह्या आत्याच्या मुलाने घातल्या. कान पिळण्याचा मानही त्यालाच मिळाला. मी पुढे दिसलो तर बायका चार प्रश्न विचारतील, म्हणून आईने मला भांडी ठेवलेल्या खोलीत बसविले होते. तेथे बॅंडचा आवाज कमी येत होता. मला बरे वाटले, आणि बरे वाटले म्हणून वाईटही वाटले. दाराच्या फटीतून मला तेवढी केतकीची ओंजळ दिसली. आत्याच्या मुलाने घाई केली. लाह्या खाली सांडल्या.

सासरी तिने भावाचा उपवास धरणे बंद केले. सख्खा भाऊ नाही आणि उपवास कोणासाठी, असे घरात विचारतील अशी तिला भीती होती.

आता मी जे सांगणार आहे त्याला काही वाचक हसतील. जी गोष्ट मी पुनःपुन्हा बोलतो ती माझ्या मनात खोली धरून राहू लागते. वसंत आणि शालन यांचेही तसेच झाले. मी त्यांना हात दिले: वसंताचा अंगठा रुंद, शालनच्या मनगटावर भाजल्याचा डाग. सर्वपित्री अमावास्येला आईने वडिलांच्या नावाने पान वाढले, तेव्हा मी विचारले, “त्या दोघांचे पान वाढायचे का? त्यांना माझ्यावाचून दुसरे कोणी नाही.”

आईने वाढण्याचा हात मागे घेतला आणि ती मागच्या अंगणात निघून गेली. भात तसाच निवला.

केतकीच्या मुलाचे नाव शौनक. दोन वर्षांचा झाला तरी तो बोलत नव्हता. वाटी जमिनीवर फिरवी, ती थांबेपर्यंत पाही आणि पुन्हा फिरवी. कुकरची शिटी झाली की कानांवर मनगटे दाबून धरी, तळवे नव्हे. मीही मनगटेच दाबतो. माहेरी आला म्हणजे तो सारा दिवस माझ्यापाशी असे. मी परातीत लाह्या घेई, हात उंच धरून सावकाश सोडी. त्यांचा पडण्याचा आवाज ऐकताना तो एका सुरात गुणगुणे. आम्ही एकमेकांकडे पाहत नसू. तशी आवश्यकता नव्हती.

अक्षर त्याच्यातही निघाले. पुण्याच्या केंद्रात त्यावर एक नवी उपाययोजना होती. तिला सर्वजण ‘दुरुस्ती’ म्हणत. पाठीच्या कण्यातून एक इंजेक्शन द्यायचे. त्यातील औषध मेंदूच्या पेशींत जाऊन ते एक अक्षर पालटते. मूल तीन वर्षांचे होण्याआधीच ती करावी लागे. काही मुले तिच्यानंतर बोलू लागली. काहींत फरक पडला नाही. थोड्या मुलांना झटके येऊ लागले, आणि काहींचे गिळणे बिघडले ते कायमचे.

आम्ही विजेच्या एसटीने पुण्यास गेलो. शौनक माझ्याच मांडीवर शांत बसे, म्हणून मला नेले होते. डॉक्टर सबनीस यांनी नखे बारीक कापली होती आणि बोलताना त्या हात टेबलावर स्थिर ठेवीत, त्यामुळे मला त्यांचे बोलणे पूर्ण कळले.

“या अक्षराचा अर्थ आमच्याकडे नाही,” त्या म्हणाल्या. “हा मुलगा पुढे बोलेल की नाही, स्वतःचं स्वतः करेल की नाही, मला सांगता येत नाही. अशा वेळी नियमाने आम्ही वाईटात वाईट धरून चालतो आणि दुरुस्ती सुचवतो. पण हेच अक्षर असलेला कोणी मोठा माणूस घरात असेल आणि तो आपल्या पायांवर जगत असेल, तर आम्ही धोका घेत नाही. दुरुस्ती करत नाही. म्हणून विचारते. ताई, तुमच्या माहेरी कोणी?”

“नाही,” केतकी म्हणाली.

“हे?”

“हे आमच्याकडे असतात.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही याचे कोण?”

मी म्हणालो, “मी यांचा रक्ताचा कोणी नाही. मला यांनी सांभाळलं.” तेवढ्यात बाहेर कोठेतरी लोखंडी खाट ओढली गेली, आणि शौनकने व मी एकदमच कानांवर मनगटे दाबली. टेबलावर स्थिर असलेले डॉक्टरांचे हात पहिल्यांदाच हलले.

पुढच्या आठवड्यात केतकी माहेरी आली. दुपारची वेळ होती, आई झोपली होती, शौनक पडवीत वाटी फिरवीत होता. मी केतकीला म्हणालो, “डॉक्टरांना सांगायला हवे.”

“काय सांगायला हवं?”

“की मी आहे. त्या अक्षराचा अर्थ मी आहे.”

“दादा, तू नको ना यात पडू.”

“गिळणे बिघडले तर तो जेवणार कसा?”

“आणि नाही केलं तर? त्याचं तुझ्यासारखं झालं तर?” ती एकदम उठून उभी राहिली. “तुला आठवतं का, गल्लीतली पोरं तुला काय काय म्हणायची? वर्गातल्यांनी तुला संडासात कोंडलं होतं, बाबांनी कडी काढली. नववीत तुला घरी बसवलं तर तू दप्तर भरून रोज दारात बसायचास. मी बघितलंय ते. मी सगळं बघितलंय. माझ्या पोराला देऊ मी ते?”

मी पडवीत फिरणाऱ्या वाटीकडे पाहिले.

“सांग ना. तुला वाटतं त्यानं तुझ्यासारखं व्हावं?”

हा प्रश्न मी तेव्हापासून अनेकदा उलटून पालटून पाहिला आहे. माझ्या आयुष्यात दुःख पुष्कळ झाले. परंतु ते अक्षराने दिले की माणसांनी, हे मला वेगळे काढता आले नाही. दमट हवेने चिकटलेली पाने जशी सोडविताना फाटतात, तसे होते.

“त्याला गुणगुणता येते,” मी शेवटी म्हणालो.

“गुणगुणून पोट भरत नाही, दादा.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “आणि कळलं तर मला ते लोक घरात ठेवतील? निनाद चांगले आहेत रे. पण त्यांच्या आईच्या पुढं नाही ते जाणार. दया कर माझ्यावर.”

मी तिला पाणी आणून दिले. तिने ते घेतले नाही, पेला तसाच जमिनीवर राहिला, आणि शौनकने येऊन त्यात बोट बुडविले.

दुरुस्तीपूर्वीच्या तपासणीसाठी आम्ही पुन्हा पुण्यास गेलो. केतकी आणि निनादराव आत गेले होते. डॉक्टर सबनीस बाहेर माझ्यापाशी येऊन बसल्या. पेटीत कुप्या मांडलेल्या होत्या.

मी विचारले, “थुंकी दिली तर बोलावे लागते का?”

“म्हणजे?”

“मी शपथेत आहे. विचारणाऱ्याला एक ठरलेले उत्तर देण्याची शपथ आहे. थुंकीविषयी शपथेत काही नाही.”

त्यांनी पेटीतील एक कुपी सरळ केली. मग म्हणाल्या, “बोलावं लागत नाही. पण नीट ऐका. तुमचं नाव मी कोणाला सांगणार नाही. तरी तुमचं अक्षर आणि त्याचं अक्षर एकाच घरातलं निघालं तर अर्थ बदलेल, आणि तो मामाकडून बदलला एवढं आईबापांना कळेल. ताईंना भाऊ किती?”

मी पेटीतील कुप्या मोजू लागलो, कारण हे उत्तर शपथेच्या फार जवळ होते.

“ताईंना विचारलंत का?”

“विचारले. त्या नको म्हणाल्या.”

“मग तुम्ही का देताय?”

आत शौनक रडू लागला होता. ते रडणे मला ठाऊक आहे. दिवा फार पांढरा असला की तसे रडू येते. मी म्हणालो, “डॉक्टर, मी पानावर असूनही मला कोणी वाचले नाही. त्यामुळे त्याचे पान फाडण्यात येत आहे.”

त्यांनी मला परिणाम पुन्हा एकदा समजावून सांगितले, संमतीची सही घेतली आणि कुपी दिली. मी तीत थुंकलो. माझे तोंड कोरडे पडले होते, त्यामुळे वेळ लागला.

पुढील महिन्यात निनादराव आणि त्यांच्या आई केतकीला व शौनकला घेऊन आमच्या घरी आले. दुरुस्ती रद्द झाली होती. त्या अक्षरापुढचे ‘अर्थ अज्ञात’ हे शब्द गेले होते आणि तेथे लिहून आले होते की, सख्ख्या मामात हे अक्षर आढळले असून तो बोलतो, वाचतो व स्वतःच्या श्रमावर जगतो. माझ्याविषयी इतके चांगले कोणी कधी लिहिले नव्हते. ते सर्वांसमोर वाचले गेले तेव्हा केतकी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“मूल असं आहे याचं मला दुःख नाही हो,” विहीणबाई म्हणाल्या. “देवानं दिलं ते दिलं. पण तुम्ही आम्हाला फसवलंत. पोटच्या पोराला परका म्हणालात. मी तुम्हाला पुण्यवान म्हणाले आणि तुम्ही ऐकून घेतलंत!”

“खरं सांगितलं असतं तर सोयरीक केली असती का?” आईने विचारले.

विहीणबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. निनादराव माझ्याकडे वळले. “मयूरेशदादा, तुम्हीच सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. या तुमच्या कोण?” त्यांनी आईकडे बोट केले.

मी आईच्या हातांकडे पाहिले. तिने ते पुढे धरले होते, जणू काही पडणार होते आणि ते तिला झेलायचे होते.

मी म्हणालो, “मी यांचा रक्ताचा कोणी नाही. मला यांनी सांभाळलं.”

“अहो, इथे छापून आलंय!”

“माझे आईवडील वसंत आणि शालन,” मी म्हणालो, “लोणंदच्या फाट्यावर...”

“पुरे!” आई ओरडली. “पुरे कर रे बाबा! सुटली. शपथ सुटली.” तिने माझे दोन्ही हात धरून आपल्या गळ्याशी नेले. “माझा आहे तो. पोटचा आहे माझ्या. सुटली रे, सुटली म्हण.”

“सुटली,” मी म्हणालो.

“आता सांग.”

परंतु मला सांगता येईना. इतकी वर्षे त्या जागी दुसरे वाक्य बसलेले होते. ते उचलले गेले, आणि जागा उघडी राहिली. आई माझे हात धरून रडत होती आणि मी तिच्या बोटांवरचे सुईने टोचलेले खरबरीत ठिपके पाहत होतो. मला ते सर्व पाठ होते. मी एवढेच म्हणालो, “हे हात मला माहीत आहेत.”

विहीणबाई चपला घालून निघाल्या. निनादराव उंबऱ्याशी घुटमळले. केतकीला ते “चल” म्हणाले नाहीत आणि “राहा” असेही म्हणाले नाहीत. गाडी गेल्यावर केतकी मागे वळली. मी तिचा चेहरा वाचू शकत नाही, परंतु त्या दिवशी तो हलत नव्हता.

“झालं तुझ्या मनासारखं?” ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

ती आता आमच्याच घरी राहते. निनादराव मधून मधून येतात, शौनकसाठी रंगीत वाट्या आणतात आणि चहा न घेता जातात. केतकी आईच्या मशीनवर बसते. शौनक अद्याप बोलत नाही. दुरुस्ती झाली असती तर तो बोलला असता की त्याचे गिळणे बिघडले असते, हे कोणालाच कधी कळणार नाही, कारण त्या वाटेचे दार मी बंद केले. डॉक्टर सबनीस यांनी आईची थुंकी मागितली, अक्षर कोणाकडून आले ते पाहावे म्हणून. आई म्हणाली, “नको. मला नाही बघायचं.” वसंत आणि शालन हळूहळू माझ्या मनातून निघून गेले. प्रथम तिच्या मनगटावरचा डाग गेला, शेवटी त्याचा अंगठा. ते कधीच नव्हते हे मला ठाऊक आहे. तरी सर्वपित्रीला मला त्यांची आठवण होते.

परवा नागपंचमीचा आदला दिवस होता. दुपारी मी जेवायला घरी आलो. आईने मला आणि शौनकला वाढले. केतकी मशीनवरून उठली नाही. सकाळच्या चहाचा तिचा कप तसाच झाकलेला होता.

“केतकी जेवत नाही,” मी आईला म्हणालो. “तिला बरे नाही का? डॉक्टरांकडे न्यायला हवे.”

“बरी आहे ती.”

“मग?”

आईने माझ्या ताटात भाकरी ठेवली. “खुळा की काय तू. आज वार कोणता, तिथी कोणती, बघ जरा. भावाचा उपास आहे तिचा.”

मशीनचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी आईने नागाच्या पूजेसाठी लाह्या आणल्या. पूजा झाल्यावर मी परात घेऊन पडवीत बसलो, आणि शौनक माझ्या गुडघ्याला पाठ लावून बसला. मी लाह्या उंचावरून सोडू लागलो. तो गुणगुणू लागला. थोड्या वेळाने केतकी बाहेर आली. ती परातीच्या पलीकडे बसली, आणि तिने दोन्ही हात जोडून ओंजळ माझ्यापुढे धरली.

मी ती काठोकाठ भरली. एकही लाही खाली सांडू दिली नाही.